मिरजेत कुपा विकला आणि गिऱ्हाइकांना पित्त उठलं: नेमकं काय चुकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेत रोहू-कटल्याचा गाळा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कुपा (ट्यूना) सुरमईच्या मानाने फारच स्वस्त दिसला, म्हणून आंबा घाटाने दीडशे किलो आणला. सकाळी लिलावातून उचललेला माल दुपारी गाळ्यावर पोचला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत विकला. मांस तपकिरी-काळं पडत गेलं. तीन गिऱ्हाइकांना खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तोंड लाल झालं, डोकं ठणकलं, अंगावर गांधी उठल्या. मासा नासल्याचा वास मात्र अजिबात नव्हता. हा मासा विषारी आहे का, की घाटावरच्या लोकांना तो सोसत नाही? आणि हा धंदा पुढे करावा की नाही?

भाऊ, मासा विषारी नाही आणि मिरजकरांच्या पोटातही काही खोट नाही. तुम्ही वर्णन केलेली लक्षणं हिस्टामाइनच्या बाधेची वाटतात. ते विष जिवंत कुप्यात नसतं. मासा मेल्यावर, तो गरम राहिला तर, त्याच्या मांसात तयार होतं. म्हणून 'कुपा विकावा का' या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न येतो: मासा मेल्यापासून बर्फात जाईपर्यंत किती तास गेले? त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर गाळ्यावर कितीही स्वच्छता ठेवली तरी उपयोग नाही. ही चूक मिरजेत दुरुस्त होत नाही.

असं कुप्यातच का होतं आणि तुमच्या रोहूत का नाही, हे समजण्यासाठी माशाकडेच बघावं लागतं. तुम्ही बहुधा आणला तो गेदर, म्हणजे शास्त्रीय नावाने युथिनस ॲफिनिस. ट्यूनाच्या घराण्यातला हा लहान मासा, हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागरात किनाऱ्याच्या जवळ राहणारा. जास्तीत जास्त मीटरभर लांब आणि १३-१४ किलोपर्यंत वाढतो, बाजारात मात्र बहुतेक ६० सेंटिमीटरच्या आतलेच दिसतात. याला हवेची पिशवी नसते. रोहू पाण्यात एका जागी निवांत तरंगू शकतो, कुपा थांबला तर बुडतो. शिवाय कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवण्यासाठीही त्याला तोंड उघडं ठेवून सतत पुढे पोहावं लागतं. जन्मापासून मरेपर्यंत न थांबता पोहणाऱ्या या माशाच्या अंगात दोन वेगळे स्नायू असतात. बाहेरचा फिकट, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना आत खोलवर गेलेला गडद लाल. कापल्यावर तुकडीच्या मधोमध काळपट लाल पट्टा दिसतो तो हाच, त्याचं न थकणारं इंजिन.

या इंजिनाची उष्णता कुपा वाया जाऊ देत नाही. कण्याखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथे आतून येणारं गरम रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताला आपली उष्णता देऊन टाकतं, त्यामुळे आतले स्नायू आजूबाजूच्या पाण्यापेक्षा काही अंश गरमच राहतात. जाळ्यात धडपडून मेलेला कुपा तर आणखी तापलेला असतो. म्हणजे समुद्राचं पाणी २८ अंश असेल तर तुमचा मासा मरताना त्याहून गरम असतो, आणि सगळ्यांत गरम जागा अगदी आत, कण्याजवळ. वरून हात लावून मासा गार लागला म्हणजे आतून गार झाला असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट त्याच्या मांसाची. ट्यूना, बांगडा या माशांच्या स्नायूंत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल मोकळ्या रूपात भरपूर असतं. कल्ल्यांवर आणि आतड्यात राहणारे काही जिवाणू मासा मेल्यावर मांसात शिरतात आणि या हिस्टिडीनचं हिस्टामाइन करतात. उष्णता जितकी जास्त तितकं काम वेगाने. शून्याच्या आसपास ते जवळजवळ थांबतं, २५-३० अंशांना काही तासांत हाताबाहेर जातं. त्यात हिस्टामाइन एकदा तयार झालं की जात नाही. शिजवून, तळून, गोठवून, खारवून, आमसूल-लिंबू लावून ते कमी होत नाही. उष्णतेने जिवाणू मरतात, त्यांनी बनवलेलं विष जागेवर राहतं.

आपल्या भागात हे दुधावरून चटकन समजतं. धार काढल्यावर दूध वेळेत बल्क कूलरला गेलं नाही तर पुढे कितीही थंड केलं तरी ते सुधारत नाही. फरक एवढाच की दूध फाटलं तर दिसतं. हिस्टामाइन दिसत नाही आणि त्याला वासही नाही. मासा नासल्याचा वास ज्या जिवाणूंमुळे येतो ते वेगळे, त्यांना वेळ जास्त लागतो. म्हणून तुमचा माल नाकाला चांगला होता आणि तरी बाधा झाली, यात विसंगती काहीच नाही. गिऱ्हाईक "वास तर नव्हता" म्हणतं ते खरंच म्हणतं.

मग दीडशे किलोंत तिघांनाच का? हिस्टामाइन सारखं पसरलेलं नसतं. एका पेटीतला एक मासा बाधतो, शेजारचा नाही. एकाच माशात डोक्याकडचा, आतड्यालगतचा भाग जास्त धोक्याचा असतो आणि शेपटीकडची तुकडी निर्धोक निघू शकते. त्यामुळे एक तुकडी खाऊन बघून माल पास करता येत नाही. जिभेला मिरी चावल्यासारखं टोचलं तर लगेच थांबावं हे खरं आहे, पण कांदा-लसूण मसाल्याच्या तिखट रश्श्यात ते टोचणं कुणाला कळणार?

आता वेळेचा हिशेब लावू. सर्वसाधारण नियम असा की पाणी २८ अंशांच्या वर असेल तर मासा मेल्यापासून सहा तासांच्या आत बर्फात गेला पाहिजे आणि त्यानंतर लवकरात लवकर आतून ४ अंशांवर आला पाहिजे. हे सहा तास कुठे जातात ते पकडण्याच्या पद्धतीवर ठरतं. गिलनेट, म्हणजे मासा ज्यात कल्ल्यांशी अडकतो ते पाण्यात उभं सोडलेलं जाळं, संध्याकाळी टाकतात आणि पहाटे ओढतात. रात्री दहाला जाळ्यात अडकून मेलेला कुपा पहाटे पाचपर्यंत कोमट पाण्यात लटकलेला असतो. बोटीवर येण्याआधीच त्याचे सात तास संपलेले. त्याच जाळ्यात पहाटे चारला अडकलेला मासा मात्र उत्तम. दोन्ही एकाच ढिगात येतात. पर्ससीनमध्ये, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्यात, मासा जाळं ओढेपर्यंत जिवंत असतो, ही मोठी जमेची बाजू. पण एकाच फेऱ्यात टनावारी माल आला आणि बर्फ त्या मानाने नसला की खणात खाली दबलेले मासे तासन् तास गरम राहतात. गळाने किंवा दोरीने एकेक ओढलेला मासा सगळ्यांत चांगला, कारण तो मेल्याची वेळ माहीत असते आणि लगेच बर्फात टाकता येतो. हा क्रमही डोळे झाकून घेऊ नका. दोन तासांत जाळं ओढून लगेच बर्फ करणारा गिलनेटवाला तांडेल (बोटीचा प्रमुख) हा बर्फ विसरलेल्या पर्ससीनपेक्षा कितीतरी बरा. बोटीपेक्षा माणूस बघा. एकाच तांडेलाकडून नेहमी घेतलात तर तो तुम्हाला खरी वेळ सांगेल, लिलावातल्या अनोळखी ढिगाला तोंड नसतं.

बंदरावर काय बघायचं ते सांगतो. सगळ्यांत आधी सुईसारखं टोक असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. डोक्याच्या मागे, पाठीवरून, कण्याला टेकेपर्यंत तो खुपसा आणि आकडा स्थिर होऊ द्या. ढिगातल्या वरच्या माशांत खुपसू नका, तळाचे आणि मधले घ्या, निदान पाच-सहा मासे. रात्रभर बर्फात असल्याचं सांगितलेला माल आतून ४-५ अंशांच्या आत हवा. आकडा १० च्या वर आला आणि मासा कधी मेला हे कुणी सांगू शकत नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तुमच्या पहिल्या दीडशे किलोंचं स्वस्त असणं कदाचित इथेच दडलेलं होतं.

डोळा फुगीर आणि काळा, कल्ले लालभडक, पोट घट्ट, कातडी चमकदार हे सगळं बघाच. पण ही ताजेपणाची खूण आहे, हिस्टामाइन नसल्याची नाही. निकाल थर्मामीटर आणि वेळेवरच द्यायचा.

जात ओळखणंही गरजेचं आहे. किनाऱ्यावर कुपा, गेदर ही नावं सैल वापरली जातात, ट्यूनाच्या तीन-चार जाती एकाच नावाने विकल्या जातात. गेदर ओळखायचा तर छातीच्या पराखाली, पोटाच्या बाजूला बघा. तिथे दोन ते पाच काळे ठिपके असतात. पाठीच्या मागच्या भागात तिरके, नागमोडी काळे पट्टे, आणि पाठीवरचे दोन्ही पर जवळजवळ एकमेकांना टेकलेले. दोन परांमध्ये चांगलं मोठं अंतर असेल तर तो ऑक्सिस, म्हणजे फ्रिगेट किंवा बुलेट ट्यूना. तो आकाराने लहान, त्यात काळं मांस जास्त आणि तो फार लवकर बाधतो. घाटावर आणायला मी तो सुचवणार नाही. पोटावर चार-सहा आडव्या लांब रेघा असतील तर तो स्किपजॅक, लक्षद्वीपमध्ये ज्याचं मासमीन (शिजवून, धुरावून सुकवलेला मासा) करतात तो. अंगावर पट्टेच नाहीत आणि शेपटीकडचा भाग लांबट, निमुळता असेल तर लांबशेपटी ट्यूना, त्याचं मांस फिकट आणि भावही जास्त.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दीड किलोच्या खालचा गेदर घेऊ नका. हा मासा साधारण ४० सेंटिमीटरच्या पुढे पहिल्यांदा अंडी घालतो. ४८ सेंटिमीटरची, दीडएक किलोची मादी एका खेपेला सुमारे २ लाख अंडी सोडते आणि हंगामात ७-८ लाख. ६५ सेंटिमीटरची, साडेचार किलोची मादी एका खेपेला जवळपास ७ लाख आणि हंगामात २५ लाख. म्हणजे मासा तिप्पट वजनाचा झाला की अंडीही तिपटीहून थोडी जास्त. अर्ध्या-पाऊण किलोची पिल्लं ढिगाने उचलली तर ती एकदाही न विता संपतात, आणि गिऱ्हाइकाच्या हातात काळं मांस आणि काटेच जास्त पडतात. गेदर आपल्या आकाराच्या माशांबरोबर थव्याने फिरतो, त्यामुळे एका फेऱ्यात सगळी पिल्लंच येणं नेहमीचं आहे. अशा ढिगाला गिऱ्हाईकच मिळालं नाही तर तांडेलही पुढच्या वेळी त्या थव्यावर जाळं टाकताना विचार करतो. लहान मासा लवकर थंड होतो हा त्याचा फायदा मान्य, पण तेवढ्यासाठी तो घेण्यात अर्थ नाही.

आता बर्फ. इथेच लोक सगळ्यांत जास्त चुकतात, म्हणून हिशेबच मांडतो. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता खातो. १ किलो मासा १ अंशाने थंड करायला सुमारे ०.८ किलोकॅलरी लागते. १०० किलो कुपा २८ अंशांवरून शून्यावर आणायचा तर १०० गुणिले २८ गुणिले ०.८, म्हणजे २,२४० किलोकॅलरी. भागिले ८०, म्हणजे २८ किलो बर्फ. हा फक्त मासा थंड करण्यात संपतो. पेटीच्या भिंतींतून, झाकणातून, टेम्पोच्या तापलेल्या पत्र्यातून येणारी उष्णता वेगळी, आणि मार्च-एप्रिलमध्ये आंबा घाट चढून कोल्हापूर ओलांडेपर्यंत ती लहान नसते. म्हणून १०० किलो माशाला १०० किलो बर्फ हेच प्रमाण धरा. तीस-चाळीस किलोंत भागवणाऱ्याचा बर्फ मासा थंड होईपर्यंतच संपतो आणि पुढचा प्रवास कोमट पाण्यात होतो.

नुसता बर्फ पसरण्यापेक्षा बंदरावरच बर्फपाण्यात बुडवणं कितीतरी चांगलं. लादीचे मोठे तुकडे माशाला चार ठिकाणीच टेकतात, मध्ये हवा राहते आणि मासा थंड व्हायला पाच-सहा तास घेतो. बर्फपाणी चहूबाजूंनी टेकतं. १०० किलो माशाला १०० किलो बारीक फोडलेला बर्फ आणि ५० लिटर स्वच्छ पाणी, त्यात लिटरला ३० ग्रॅम मीठ. आधी बर्फ-पाणी-मीठ ढवळून गार करा, मग मासे सोडा. दीड-दोन किलोचा कुपा साधारण दोन-तीन तासांत आतून गार होतो. खात्री परत थर्मामीटरनेच करायची. बंदरातलं पाणी वापरू नका, त्यात डिझेल आणि घाण असते. पाणी पिण्याच्या लायकीचं हवं.

मासा आतून ४ अंशांच्या खाली आला की मगच तो प्रवासाच्या पेटीत जाईल. जाड इन्सुलेटेड पेटी, तळाशी चार बोटं बर्फ, त्यावर माशांचा एक थर, मग बर्फ, मग थर, सर्वांत वर पुन्हा चार बोटं बर्फ. तळाचं भोक उघडं ठेवा, म्हणजे वितळलेलं रक्ताळ पाणी साचणार नाही. पेटीत दोन-अडीच फुटांपेक्षा उंच थर नको, खालचे मासे दबून फुटतात आणि पोट फुटलं की आतड्यातले जिवाणू थेट मांसात.

पोट बंदरावर काढावं का? कामगार सराईत असेल, पाणी स्वच्छ आणि गार असेल तर हो. कल्ले आणि आतडी पूर्ण काढायची, पोकळी धुवायची आणि त्यात बर्फ भरायचा. अर्धवट काढलेलं, आतडं चिरलेलं पोट हे न काढलेल्यापेक्षा वाईट. रक्त काढण्याबद्दल बरेच जण विचारतात. ते मासा जिवंत असताना किंवा मेल्या-मेल्या बोटीवरच होतं, लिलावात घेतलेल्या माशावर चिरा मारून काही निघत नाही.

मिरजेत पोचल्यावर दोन मोह टाळा. पहिला, उरलेला माल ओळखीच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवण्याचा. ती खोली थंड माल थंड ठेवण्यासाठी असते, कोमट मासा त्यात चोवीस तासांतही नीट उतरत नाही, आणि बेदाण्याला माशाचा वास लागला तर त्या शेतकऱ्याचं वर्षाचं नुकसान. दुसरा, उरलेला मासा डीप फ्रीझरला टाकून पुढच्या रविवारी सोडवून विकण्याचा. गोठल्यावर जिवाणू थांबतात, पण त्यांनी मांसात सोडलेलं एन्झाइम शाबूत राहतं आणि मासा सुटला की पुन्हा काम सुरू करतं. आधी जरा गरम झालेला मासा असा गोठवून-सोडवून विकणं फार धोक्याचं. कापणंही गिऱ्हाईक समोर आल्यावरच. सकाळी सगळ्याच्या तुकड्या पाडून परातीत मांडल्या की सुरीवरचे जिवाणू प्रत्येक तुकडीला लागतात आणि तुकड्या अर्ध्या तासात गाळ्याच्या तापमानाला येतात.

काळं पडण्याचा प्रश्न वेगळा आहे, तो हिस्टामाइनशी जोडू नका. लाल मांसात मायोग्लोबिन नावाचा रंग भरपूर असतो. हवा लागली की तो तपकिरी होतो, कापलेलं सफरचंद होतं तसा. बाधलेला मासा लाल राहू शकतो आणि निर्धोक मासा तपकिरी होऊ शकतो. गिऱ्हाइकाला मात्र काळं मांस आवडत नाही, त्याला लोखंडासारखी उग्र चव असते. म्हणून माशाचे कण्यापासून चार लांब पट्टे सोडवा, मधला काळा भाग काढा आणि फिकट मांस विका. डोकं, काटे, काळं मांस जाऊन अख्ख्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास हाती लागतं. भाव लावताना हे विसरलात तर स्वस्त कुपा महाग पडतो: समजा किलोमागे १२० रुपयांना घेतला आणि बर्फ, टेम्पो, हमाली धरून १५० ला पडला, तर स्वच्छ मांस तुम्हाला ३०० रुपयांना पडलेलं असतं.

हंगामाचं सोपं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा 'ताजा कुपा' म्हणून कुणी दाखवला तर तो बहुतेक गोठवून सोडवलेला समजा. राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा, त्यामुळे त्या महिन्यांत आवक दांडगी आणि भाव उतरलेला, पण बर्फाचीही तेव्हाच ओढाताण. मी सुरुवात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत करायला सांगेन, दीडशे किलोंनी नव्हे, चाळीस किलोंनी. दिवसात संपेल एवढाच माल. बोलून खात्री करायची तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, हाताळणी आणि हिस्टामाइन तपासणीबद्दल तिथे विचारा. आंतरराष्ट्रीय मानकात हिस्टामाइनची वरची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे.

ज्या तिघांना त्रास झाला त्यांना मात्र आजच फोन करा. हा त्रास बहुतेकांचा दिवसभरात ओसरतो आणि ती माशाची ॲलर्जी असेलच असं नाही, पण ते डॉक्टरांनी ठरवावं. नेमका कोणता मासा आणि किती वेळाने त्रास झाला, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं पाहिजे. घरात कुणी क्षयासाठी आयसोनियाझिडची गोळी घेत असेल तर त्यांना ट्यूना, बांगडा देऊच नका, या औषधाने शरीराची हिस्टामाइन मोडण्याची ताकद कमी होते आणि थोड्यानेही जोराचा त्रास होतो. पुढे कधी कुणाला श्वास लागला, चक्कर आली, ओठ-जीभ सुजली तर घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही, थेट दवाखाना. त्या दिवशीचा उरलेला कुपा फ्रीझरमध्ये असेल तर तो खारवू नका, सुकवू नका, कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. खड्डा काढून पुरा.